स्वभावाला औषध नाही, हे खरे का?

(युवक-युवती आणि पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)



'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. कोणी चटकन रडते, कोणी एका शब्दाने भडकते, कोणी चारचौघांत तोंड उघडत नाही. मग घरातील मोठी माणसे ही म्हण ऐकवून मोकळी होतात. ऐकणारा अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र तिचा वेगळाच अर्थ घेते. 'मी अशीच आहे, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे,' असे तिला वाटू लागते. आपण बोलतो स्वभावाबद्दल, पण तिच्या मनात ते स्वतःच्या किमतीबद्दलचे वाक्य होऊन बसते.

आजच्या पाठात आपण याच गोष्टीचा विचार करू या. माणसाचा स्वभाव, मनाची अस्वस्थतेकडे असलेली ओढ आणि आत्मसन्मान या तीन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत? त्यांतील काय बदलते आणि काय बदलत नाही? आणि आपण आई-वडील, शिक्षक व युवक म्हणून काय करू शकतो?

तीन शब्द समजून घेऊ या

पहिला शब्द स्वभाव. माणसे जन्मतःच सारखी नसतात, हे फार पूर्वीपासून लोकांच्या ध्यानात आले होते. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने शरीरातील चार रसांवरून माणसांच्या चार प्रकृती सांगितल्या. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त, कफ या प्रकृती सांगितल्या, आणि आजही रागीट माणसाला आपण 'पित्तप्रकृतीचा' म्हणतो. रसांची ती कल्पना आता शास्त्राने मागे टाकली आहे, पण मूळ निरीक्षण टिकले आहे. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या डॉक्टर पती-पत्नीने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि तीच मुले मोठी होईपर्यंत त्यांची पाहणी चालू ठेवली. काही बाळे नव्या गोष्टीला सहज सामोरी जात, काही जोरात रडून विरोध करत, तर काही हळूहळू रुळत. ज्या घरात दोन-चार लेकरे आहेत त्या घरातील आईला हे कोणी सांगायला नको! एकाच पोटची मुले, पण पाळण्यातच त्यांच्या तऱ्हा वेगळ्या दिसतात.

दुसरा शब्द जरा अवघड आहे. मानसशास्त्रात त्याला 'न्युरॉटिसिझम' म्हणतात. लंडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हा शब्द अभ्यासात रूढ केला. ज्याचे मन लवकर काळजीत पडते, लवकर दुखावते, लवकर चिडते किंवा खचते, आणि पुन्हा शांत व्हायला ज्याला वेळ लागतो, त्याच्यात हा गुण जास्त आहे असे म्हणतात. सोप्या भाषेत आपण त्याला 'मनाचा हळवेपणा' म्हणू. हा आजार नाही, वेडही नाही. उंची जशी कोणाची कमी, कोणाची जास्त असते, तसा हळवेपणा प्रत्येकात थोडाफार असतोच. मात्र तो फार जास्त असला तर पुढे चिंता व नैराश्य यांचे आजार होण्याची शक्यता वाढते, हेही खरे आहे.

तिसरा शब्द आत्मसन्मान. आपण एक माणूस म्हणून मोलाचे आहोत, ही मनातील खात्री म्हणजे आत्मसन्मान. त्यात दुसऱ्याला कमी लेखणे येत नाही. म्हणून तो गर्वाहून वेगळा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तो मोजण्यासाठी अवघ्या दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. जगभर ती अजूनही वापरली जाते.

अबोल म्हणजे भित्रा नव्हे

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू या. आयसेंक यांनी एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा कल्पिल्या. एका रेषेवर माणूस अबोल आहे की बोलका, हे पाहायचे. दुसऱ्या रेषेवर त्याचे मन स्थिर आहे की हळवे, हे पाहायचे. या दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. म्हणून एखादा मुलगा अबोल असेल पण मनाने शांत व खंबीर असेल. दुसरा खूप बोलका, हसरा, सगळ्यांत मिसळणारा असेल आणि रात्री मात्र 'अमका मला असे का म्हणाला?' या विचाराने त्याला झोप लागत नसेल.

आपण गप्प मुलाला 'घुमा' किंवा 'बुजरा' म्हणतो आणि त्याची काळजी करत बसतो. लग्नाच्या वरातीत पुढे होऊन नाचणाऱ्या मुलाची मात्र काळजी करत नाही. कधी कधी मदतीची गरज नेमकी त्या दुसऱ्यालाच असते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. संकटात मन हादरणे म्हणजे हळवा स्वभाव नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप आपल्या उमरगा तालुक्यातील जुन्या माणसांना आजही आठवतो. त्यानंतर कित्येकांना घराच्या छताखाली झोपण्याचे धाडस होत नव्हते. दगड-मातीची घरे डोळ्यांदेखत कोसळलेली असताना ती भीती स्वाभाविकच होती. मोठ्या घावानंतरचे दुःख व भीती हा प्रत्येक माणसाचा धर्म आहे. संकट नसतानाही मन जर नेहमी संकटाच्या वाटेकडे डोळे लावून बसत असेल, तर त्याला आपण हळवा स्वभाव म्हणतो.

हळवेपणा आणि आत्मसन्मान यांचे नाते

रिचर्ड रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंटरनेटवरून ३,२६,६४१ लोकांनी भाग घेतला होता. ज्यांच्यात हळवेपणा जास्त, त्यांच्यात आत्मसन्मान कमी, असे त्यात स्पष्ट दिसले. बोलक्या, मिळून-मिसळून राहणाऱ्या स्वभावाचा आत्मसन्मानाला आधार मिळतो, हेही दिसले. पुढे २००५ साली ५३ देशांतील पाहणी प्रसिद्ध झाली, तीतही जवळजवळ सगळीकडे हेच आढळले. म्हणजे ही गोष्ट एका देशाची किंवा एका संस्कृतीची नाही.

पण यातील एक आकडा नीट वाचायला हवा. पहिल्या अभ्यासात हळवेपणा व आत्मसन्मान यांचा संबंध उणे ०.५० इतका निघाला. दोन्ही गोष्टी एकमेकींना पुरत्या बांधलेल्या असत्या, तर तो उणे १ आला असता. याचा साधा अर्थ असा की माणसामाणसांतील आत्मसन्मानाच्या फरकापैकी साधारण चौथा हिस्सा या हळवेपणाशी जोडता येतो. बाकीचे तीन हिस्से इतर गोष्टींशी संबंधित आहेत. म्हणूनच स्वभावाने अतिशय हळवी, तरीही स्वतःचा मान राखून जगणारी माणसे आपल्याला भेटतात.

हे नाते घडते कसे? मोटारसायकलच्या टाकीवरील पेट्रोलच्या काट्याचे उदाहरण घेऊ. मार्क लीअरी या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अशी कल्पना मांडली की आत्मसन्मान हा मनातील एक काटा आहे. लोक आपल्याला आपले मानतात की नाही, हे तो दाखवत असतो. मायेचा, कौतुकाचा अनुभव आला की काटा वर जातो, आणि कोणी झिडकारले की खाली येतो. हळव्या माणसाचा काटा जरा बिघडल्यासारखा वागतो. टाकीत पेट्रोल असते, पण काटा खालीच अडकलेला असतो. दहा जणांनी चांगले म्हटले तरी त्याच्या लक्षात राहते ते अकराव्याचे टोमणे. मित्राने फोन उचलला नाही, की 'तो कामात असेल' असे न वाटता 'त्याला मी नकोसा झालोय' असेच वाटते.

मग चक्र सुरू होते. स्वतःवर विश्वास नाही म्हणून मुलगा मुलाखतीला जात नाही, वर्गात हात वर करत नाही, युवक मंडळाच्या कार्यक्रमात मागे उभा राहतो. प्रयत्नच न केल्यामुळे यश मिळत नाही. यश नाही म्हणून 'मला काही जमत नाही' ही समजूत पक्की होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तो तिसरा चाकर आठवा. धन्याने दिलेली रक्कम त्याने उधळली नाही की चोरली नाही. त्याने ती भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवली. आपल्या कित्येक मुलांची बुद्धी व कला अशीच भीतीच्या मातीखाली पुरलेली आहे.

हा विषय गंभीर आहे तो आणखी एका कारणाने. यूलिया सोविस्लो व उलरिख ऑर्थ यांनी नैराश्यावरील ७७ अभ्यास एकत्र तपासून २०१३ साली निष्कर्ष काढला, की नैराश्यामुळे आत्मसन्मान जितका घटतो, त्यापेक्षा कमी आत्मसन्मानामुळे पुढे नैराश्य येण्याची शक्यता अधिक ठळक असते. म्हणून मूल खचून जाण्याची वाट न पाहता आधीच लक्ष द्यायला हवे.

अठरा ते पंचवीस: कसोटीची वर्षे

जेफ्री आर्नेट या अभ्यासकाने २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला एक स्वतंत्र टप्पा मानावे असे सुचवले. या वयात माणूस मूल राहिलेला नसतो आणि पुरता संसारीही झालेला नसतो. शिक्षण, नोकरी, जोडीदार सगळेच अधांतरी असते.

आपल्या मुरूम परिसरातील मुलांकडे पाहा. बारावीनंतर कोणी लातूरला क्लाससाठी जातो, कोणी सोलापूरला, कोणी पुण्याला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. कोणी पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतो. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. दोन-तीन वर्षे गेली की गावी येणे नको वाटते, कारण पारावर, एस. टी. स्टँडवर, अगदी मिस्सानंतर चर्चच्या आवारातही एकच प्रश्न असतो: 'काय, लागली का नोकरी?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याचा काटा आधीच खाली आहे, त्याला तो प्रश्न निकालासारखा लागतो. मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. पाहुणे बघून गेले आणि होकार आला नाही, की रंग, उंची, शिक्षण यांची घरात उजळणी होते. तीही ते ऐकत असते.

परीक्षेत नापास होणे आणि माणूस म्हणून नापास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळव्या स्वभावाच्या तरुणाला हा फरक आपोआप दिसत नाही. तो त्याला कोणीतरी दाखवावा लागतो.

मग म्हण खरी की खोटी?

अर्धी खरी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की स्वभावातील फरकांपैकी जवळपास निम्मा भाग आनुवंशिक असतो. तेव्हा हळव्या मुलाला 'असा राहू नकोस' असे दरडावून तो बदलत नाही.

पण उरलेली अर्धी म्हण खोटी. पहिली गोष्ट, वय मदत करते. वीस ते चाळीस या वयात बहुतेक माणसांचे मन हळूहळू अधिक स्थिर होते. आत्मसन्मानही तरुणपणापासून साधारण साठीपर्यंत सरासरीने वाढत जातो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात दिसले. विसाव्या वर्षी जे वाटते ते कायमचे नाही, हे तरुणांनी आवर्जून लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट, उपचार मदत करतात. ब्रेंट रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यासांचा आढावा घेतला. समुपदेशन व उपचारांनी स्वभावाच्या गुणांत बदल होतो, आणि सगळ्यांत जास्त बदल मनाच्या स्थिरतेत होतो, असे त्यांना आढळले. हे उपचार सरासरी २४ आठवड्यांचे होते.

तिसरी गोष्ट थॉमस व चेस यांनी सांगितली आहे. मुलाचा स्वभाव चांगला की वाईट यापेक्षा तो स्वभाव आणि घरची वागणूक यांचा मेळ बसतो की नाही, हे महत्त्वाचे. ज्वारीला काळी जमीन मानवते. तीच ज्वारी मुरमाड माळावर खुरटते. दोष बियाण्याचा नसतो.

नम्रता आणि न्यूनगंड

आपल्या भाविक घरांत येथे एक घोटाळा होतो. 'मी काहीच नाही, मी नालायक' असे म्हणणे म्हणजे नम्रता, अशी समजूत असते. पण नम्र माणूस स्वतःला विसरून दुसऱ्याकडे पाहू शकतो. न्यूनगंड असलेला माणूस मात्र सतत स्वतःलाच तपासत राहतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही प्रभूची आज्ञा आपल्याला ठाऊक आहे. तिच्यात स्वतःवरील प्रीती गृहीत धरलेली आहे.

बाळ येशूची संत तेरेजा हिचे उदाहरण तरुणांनी जरूर अभ्यासावे. १८७३ साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या तेरेजाची आई ती चार वर्षांची असताना वारली. त्यानंतर ती इतकी हळवी झाली की क्षुल्लक गोष्टीवरून रडू लागे. पुढे सुमारे दीड वर्ष तिला आपल्या प्रत्येक लहानसहान विचारात पाप दिसत राहिले. १८८६ च्या नाताळच्या रात्री आपल्याला मनाचे बळ परत मिळाले, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. चोविसाव्या वर्षी क्षयाने तिचा मृत्यू झाला आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले. आपण लहान आहोत हे तिने नाकारले नाही. पण लहान असूनही आपण प्रिय आहोत, याबद्दल तिला शंका उरली नाही.

आपल्यातील कोणाला तेच ते पाप पुन्हा पुन्हा सांगूनही क्षमा मिळाली नाही असे वाटत असेल, तर तेथे पाप नसून चिंता असण्याची शक्यता आहे. अशांनी एकाच धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे, आणि गरज वाटल्यास समुपदेशकाचाही सल्ला घ्यावा.

पालकांसाठी चार गोष्टी

१. तुलना टाळा. 'शेजारच्याचा मुलगा बघ' या वाक्याने आजवर कोणाचाही अभ्यास वाढलेला नाही.

२. चूक दाखवा, माणूस मोडू नका. 'हा फॉर्म वेळेवर भरला नाहीस' हे सांगणे वेगळे आणि 'तू आहेसच निष्काळजी' हे सांगणे वेगळे.

३. अवाजवी कौतुक करू नका. एडी ब्रुमेलमान यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असे दिसले, की कमी आत्मसन्मान असलेल्या मुलांची भरमसाट स्तुती केली तर ती अवघड काम घ्यायला कचरतात. त्यांना वाटते, आता दर वेळी इतकेच चांगले जमले पाहिजे. म्हणून केलेल्या प्रयत्नाचे, खरे तेवढेच कौतुक करावे.

४. काम सोपवा. घरचा बाजार, बँकेचे काम, पाहुण्यांची व्यवस्था अशी जबाबदारी हळव्या मुलालाही द्या. निभावलेले काम शंभर उपदेशांपेक्षा जास्त धीर देते.

युवक-युवतींसाठी चार गोष्टी

१. स्वतःला गुण देणे थांबवा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती सुरू केली, आणि आपल्या महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिचे सांगणे असे की कृतीचे मूल्यमापन करा, पण माणसाचे करू नका. पेपर वाईट गेला असेल, म्हणून मी वाईट ठरत नाही.

२. नुसते 'मी थोर आहे' असे घोकू नका. जोआन वुड यांच्या २००९ सालच्या प्रयोगात, मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना अशा घोकंपट्टीने उलट अधिक वाईट वाटले. त्यापेक्षा खरे आणि लहान वाक्य बरे: 'आज भीती वाटत होती, तरी मी गेलो.'

३. भीतीच्या गोष्टी लहान पायऱ्यांनी करा. आधी युवक सभेत एक प्रश्न विचारा, मग मिस्सात एक वाचन घ्या, मग मुलाखतीला जा.

४. मनात आलेला अर्थ तपासून पाहा. 'तो मला टाळतोय' असे वाटले तर त्याला विचारा. दहापैकी बऱ्याच वेळा कारण दुसरेच निघते.

मदत केव्हा घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातील रस गेला असेल, मूल खोलीबाहेर येत नसेल, व्यसनाकडे वळले असेल, तर 'होईल बरा' म्हणून थांबू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारावी. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. 'जगून काय उपयोग' असे शब्द मुलाच्या तोंडून आले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो आणि प्रार्थनाही करतो. मनाच्या दुखण्यातही दोन्ही करायला हरकत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील प्रत्येकाचा स्वभाव कसा आहे? कोणाला आपण स्वभावावरून टोपणनाव ठेवले आहे का?

२. नोकरी, लग्न, निकाल यांबद्दल तरुणांना विचारताना आपण कोणते शब्द वापरतो? त्याऐवजी काय विचारता येईल?

३. गेल्या महिन्यात घरातील तरुणाने केलेली एक चांगली गोष्ट आठवा. ती त्याला बोलून दाखवली का?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी. स्वभावाला गोळी-इंजेक्शन नसेल, पण हळव्या स्वभावाच्या माणसाला सावली लागते, आणि ती देणे आपल्या हातात आहे. प्रभू आपल्या सर्व युवक-युवतींना धीर देवो.